दहा हजार डॉलरचे दार

पत्त्यांच्या खेळातला जगज्जेता एकदा चक्क मतदानाने निवडला गेला होता. १९७० साली लास वेगासच्या फ्रिमाँट स्ट्रीटवर, ‘बिनियन्स हॉर्सशू’ या कॅसिनोत अमेरिकेतले मोजके नामांकित पोकर खेळाडू जमले. ते पोकरचे निरनिराळे प्रकार रोख पैशांवर खेळले, आणि शेवटी तुमच्यातला सर्वांत तयारीचा कोण, असे त्यांनाच विचारण्यात आले. सांगतात, की पहिल्या खेपेला प्रत्येकाने स्वतःलाच मत दिले. मग ‘दुसऱ्या नंबरचा कोण’ असा प्रश्न आला आणि जॉनी मॉस या टेक्सासच्या मुरलेल्या खेळाडूचे नाव निघाले. पहिल्या खेपेची गोष्ट रचलेली असेलही, पण मॉसला मिळालेला चांदीचा चषक खरा होता. ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’ सुरू झाली ती अशी. २०२४ मध्ये तिच्या मुख्य स्पर्धेत १०,११२ जण उतरले आणि विजेता जोनाथन तामायो एक कोटी डॉलर घेऊन गेला.

ही वाढ टेलिव्हिजन आणि इंटरनेटमुळे झाली असे सरसकट लिहिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. पहिल्या दिवसापासून या स्पर्धेत दोन हेतूंची ओढाताण आहे. एक, सर्वांत चांगला खेळाडू कोण ते ठरवणे. दुसरा, पैसे भरणाऱ्या कुणालाही आत घेणे. स्पर्धा जेव्हा जेव्हा फुगली, तेव्हा दुसऱ्या हेतूने पहिल्याला मागे सारले होते. दहा हजारांतून उरलेल्या एकाला ‘जगज्जेता’ म्हणताना पोकरवाल्यांची जीभ थोडी अडखळते, पण या स्पर्धेची सगळी भूल त्या अडखळण्यातच आहे.

जागेचा मालक बेनी बिनियन हा साधासुधा हॉटेलवाला नव्हता. डल्लासमध्ये त्याचे जुगाराचे अड्डे होते, त्याच्या हातून खून झाले होते, आणि कर चुकवल्याबद्दल पन्नासच्या दशकात तो लेव्हनवर्थच्या तुरुंगात राहून आला होता. गिऱ्हाईक कसे खेचायचे हे मात्र त्याला नेमके कळत होते. दहा हजार डॉलरच्या शंभर नोटा काचेत लावून त्याने दहा लाखांचे प्रदर्शन मांडले होते; लोक त्यापुढे उभे राहून फुकट फोटो काढून घेत आणि मग आत जुगार खेळत. स्पर्धेच्या जन्माची एक दंतकथा अशी, की १९४९ मध्ये बिनियनने जॉनी मॉस आणि निक ‘द ग्रीक’ डँडोलॉस यांना महिनोन्‌महिने लोकांसमोर खेळवले आणि तेव्हाच त्याला या तमाशाची किंमत कळली. अडचण एवढीच, की हॉर्सशू उघडले १९५१ मध्ये. खात्रीचा धागा १९६९ चा आहे. त्या वर्षी टॉम मूर याने रेनो शहरातल्या आपल्या हॉटेलात टेक्सासच्या जुगाऱ्यांचे संमेलन भरवले. मूरने ते पुढे चालवले नाही. बिनियन आणि त्याचा मुलगा जॅक यांनी ती कल्पना वेगासला नेली.

मतदानातून बातमी होत नाही हे लगेच ध्यानात आले. १९७१ पासून सगळ्यांनी सारखे पैसे भरायचे, सारख्या चिप्स घ्यायच्या आणि एकाच्या हाती सगळ्या चिप्स येईपर्यंत खेळायचे, असे ठरले. त्या वर्षी फी पाच हजार डॉलर होती. मॉस पुन्हा जिंकला आणि यावेळी मताने नव्हे. खेळ ठरला ‘टेक्सास होल्डेम’. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच पाने उघडतात, आणि मध्ये चार वेळा पैजा लागतात. आपल्या तीन पत्तीत समोरच्याची तिन्ही पाने झाकलेली असतात. इथे सातातली पाच सगळ्यांसमोर पडलेली असतात. त्यामुळे अंदाज बांधायला जागा जास्त आणि हूल द्यायलाही. वर ‘नो लिमिट’, म्हणजे कोणत्याही क्षणी पुढ्यातले सगळे लावता येते.

१९७२ मध्ये फी दहा हजार डॉलर झाली आणि तिथेच थांबली. या स्पर्धेच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आकडा माझ्या मते हाच आहे, आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. त्या काळचे दहा हजार डॉलर म्हणजे आजचे सुमारे ७५ हजार. तेव्हा तेवढ्या पैशांत अमेरिकेत घराचा मोठा हिस्सा यायचा. आज जुनी मोटार येते. दारावरची पाटी कुणी बदलली नाही, महागाईनेच दार रुंद केले. कोणत्याही आयोजकाने ठरवून असा निर्णय घेतला असता तर त्याच्या दूरदृष्टीचे गोडवे गायले गेले असते. इथे बहुधा गोल आकड्याचा मोहच कामी आला.

त्या वर्षी जिंकलेला ‘अमॅरिलो स्लिम’ प्रेस्टन हा सडपातळ, उंच हॅट घालणारा आणि अखंड बडबड करणारा टेक्सासचा गडी. तो जॉनी कार्सनच्या रात्रीच्या कार्यक्रमात जाऊन किस्से सांगू लागला आणि पोकर खेळणारा म्हणजे गुंड, ही समजूत थोडी सैल झाली. तोवर या मंडळींचे आयुष्य खरोखरच धोक्याचे होते. टेक्सासच्या गावोगावी बेकायदा डाव मांडायचे, जिंकले तर परतीच्या वाटेवर लुटारू, हरले तर उधारी, आणि मधूनमधून पोलीस. डॉइल ब्रन्सन त्याच वाटेवरून आला होता. त्याने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे स्पर्धा जिंकली. दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हाती दश्शी आणि दुर्री होती, आणि दोन्ही वेळा त्यातून फुल हाउस, म्हणजे एका अंकाची तीन आणि दुसऱ्याची दोन पाने, जमले. दश्शी-दुर्री म्हणजे शहाण्याने टाकून द्यायची पाने. त्या जोडीला आजही जगभर ‘डॉइल ब्रन्सन’ म्हणतात. विजेत्याला सोन्याचे ब्रेसलेट देण्याची पद्धत १९७६ पासूनची.

बिनियनला यातून काय मिळत होते? बक्षिसाचा पैसा खेळाडूंचाच. पण मे महिन्यात देशभरातले पैसेवाले जुगारी त्याच्या छताखाली येत, आणि स्पर्धेतून बाहेर पडलेला माणूस घरी जात नसे, बाजूच्या टेबलावर बसे. आवळा देऊन कोहळा काढणे यालाच म्हणतात.

१९७९ मध्ये हॅल फाउलर नावाचा हौशी माणूस जिंकला आणि धंदेवाईकांची तोंडे आंबट झाली. पण दार खरे उघडले ते ‘सॅटेलाइट’ने. स्पर्धेची व्यवस्था पाहणाऱ्या एरिक ड्रॅकला एका टेबलावर दहा जण दिसले, प्रत्येकापुढे हजारेक डॉलर. त्याने सुचवले, की सगळ्यांनी हजार-हजार टाका, आपसात खेळा, उरेल त्याने मुख्य स्पर्धेत बसा. हिशेब इतका सरळ, की आधी कुणाला कसा सुचला नाही याचेच नवल वाटते. १९८३ चा विजेता टॉम मॅकेव्हॉय मिशिगनचा हिशेबनीस होता, आणि तो असाच सॅटेलाइटमधून आला होता. अंतिम डावातला त्याचा प्रतिस्पर्धी रॉड पीटही त्याच वाटेने आलेला. आदल्या वर्षी खेळाडूंची संख्या पहिल्यांदा शंभरावर गेली होती. त्या १०४ जणांतला विजेता जॅक स्ट्राउस सगळे हरलो असे समजून उठला तेव्हा त्याला रुमालाखाली एक चिप सापडली, आणि त्या एका चिपेवरून तो शेवटपर्यंत गेला, असे सांगतात.

पुढची वीस वर्षे वाढ संथ झाली. १९८७ आणि ८८ असे दोनदा जॉनी चॅन जिंकला; १९८९ मध्ये २४ वर्षांच्या फिल हेलम्युथने त्याची तिसरी संधी हिरावली. १९९० मध्ये इराणात जन्मलेल्या आणि ब्रिटनमधून आलेल्या मन्सूर मतलूबीमुळे पहिल्यांदा किताब अमेरिकेबाहेर गेला. १९९१ मध्ये पहिले बक्षीस दहा लाख डॉलर झाले.

या काळातल्या एका माणसापाशी मात्र थांबायला हवे. स्टू उंगर न्यूयॉर्कचा. लहानखुरा, रमीच्या घराण्यातल्या ‘जिन’ खेळात इतका पारंगत की त्याच्यासमोर बसायला कुणी तयार होईना. म्हणून तो पोकरकडे वळला आणि १९८० व ८१ मध्ये लागोपाठ जगज्जेता झाला. मग कोकेन, घोड्यांवरच्या पैजा, दिवाळखोरी. १९९७ मध्ये तो आला तेव्हा त्याच्याकडे फीचे पैसेही नव्हते. बिली बॅक्स्टर या जुन्या मित्राने भरले. निळ्या काचांचा चष्मा लावून तो खेळला आणि तिसऱ्यांदा जिंकला. अंतिम टेबल त्या वर्षी फ्रिमाँट स्ट्रीटवर उघड्यावर मांडले होते. दहा लाखांतले निम्मे बॅक्स्टरला गेले, उरलेले काही महिन्यांत उडाले. नोव्हेंबर १९९८ मध्ये वेगासच्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला, वय ४५. मॉसच्या मताच्या किताबासह तीन किताब धरले, तर या स्पर्धेत तीनदा जिंकणारे हे दोघेच. ‘सर्वांत चांगला कोण’ या प्रश्नाचे स्पर्धेने दिलेले शेवटचे निर्विवाद उत्तर उंगर होता, असे जुने खेळाडू मानतात. खेळाने त्याला काय दिले हा प्रश्न ते सहसा विचारत नाहीत.

टीव्हीवर पोकर १९७३ पासून दिसत होते. त्या वर्षी सीबीएसने स्पर्धेचे चित्रण केले होते. पण पाहायचे काय? माणसे बसलेली, पाने झाकलेली. झाकलेली पाने प्रेक्षकांना दाखवण्याची युक्ती पेटंट करून घेतली हेन्री ओरेनस्टाइन यांनी, १९९५ मध्ये. ओरेनस्टाइन पोलंडचे ज्यू, नाझी छळछावण्यांतून वाचलेले, पुढे अमेरिकेत खेळण्यांचे मोठे व्यावसायिक झालेले. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही खेळणी अमेरिकेत आणण्यात त्यांचा मोठा वाटा. १९९६ मध्ये त्यांनी स्वतः या मालिकेतल्या दुसऱ्या एका स्पर्धेचे ब्रेसलेटही जिंकले. टेबलाच्या कडेला बसवलेल्या बारक्या कॅमेऱ्यांनी खेळाचे रूपच बदलले. प्रेक्षकाला दोघांचीही पाने माहीत, खेळाडूंना फक्त आपापली. मग एखाद्याच्या कपाळावरचा घामही नाट्य होतो. ब्रिटनमध्ये १९९९ पासून अशा कॅमेऱ्यांनी रात्रीचे कार्यक्रम चालले, आणि २००३ मध्ये ईएसपीएनने ते वर्ल्ड सीरिजला लावले.

नेमके त्याच वर्षी टेनेसीचा २७ वर्षांचा एक हिशेबनीस वेगासला आला. त्याचे आडनाव ‘मनीमेकर’. कादंबरीकाराने हे नाव दिले असते तर संपादकाने खोडले असते. ख्रिस मनीमेकरने ‘पोकरस्टार्स’ या संकेतस्थळावर ८६ डॉलरच्या सॅटेलाइटमधून दहा हजारांची जागा मिळवली होती. मोठ्या स्पर्धेत समोरासमोर बसून खेळण्याचा त्याला अनुभव नव्हता. टोपी आणि काळ्या चष्म्याआड तो तोंड लपवून बसे. शेवटी दोघे उरले: तो आणि सॅमी फरा, लेबनॉनमध्ये जन्मलेला, ओठांत न पेटवलेली सिगारेट धरणारा पक्का व्यावसायिक.

एक डाव असा पडला. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. फराकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. टेबलावर चार पाने उघडली तेव्हा त्यांत नव्वी, अठ्ठी, छक्की होती आणि तीन पाने इस्पिकची. म्हणजे फराची नव्वीची जोडी लागलेली, आणि मनीमेकरला आणखी एक इस्पिक आले तर फ्लश, दश्शी किंवा पंजी आली तर क्रम. पाचवे पान आले बदामची तिर्री. मनीमेकरच्या हाती काहीच उरले नाही. त्याने सगळ्या चिप्स पुढे सारल्या. फरा बराच वेळ बसून राहिला. तुझा फ्लश हुकला वाटते, असे त्याने बोलूनही दाखवले. आणि तरी नव्वीची जोडी टाकून दिली. घरी बसलेल्या लाखो लोकांना दोघांचीही पाने दिसत होती. थोड्याच वेळाने पंजी आणि चौकी घेऊन मनीमेकरने फुल हाउस लावले आणि २५ लाख डॉलर जिंकले.

माझ्या मते त्या प्रेक्षकांना अचंबा वाटला तो मनीमेकरच्या कौशल्याचा नव्हे. त्यांना वाटले, हे तर मलाही जमेल. २००३ मध्ये ८३९ खेळाडू होते. २००४ मध्ये २,५७६, २००५ मध्ये ५,६१९ आणि २००६ मध्ये ८,७७३. त्या वर्षी जेमी गोल्डला एक कोटी वीस लाख डॉलर मिळाले, आणि निम्मा वाटा कबूल केला होता असे म्हणणाऱ्या माणसाशी त्याचे कोर्टात भांडण झाले. ते पुढे तडजोडीने मिटले.

हे सगळे चालू असताना मूळ घर मात्र बुडाले. कामगार संघटनेच्या निवृत्तिवेतन आणि आरोग्य निधीची देणी थकल्यामुळे जानेवारी २००४ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी हॉर्सशूमधली रोकड जप्त केली आणि कॅसिनो बंद पडले. हॅराज कंपनीने हॉर्सशूचे नाव आणि स्पर्धा उचलली, इमारत दुसऱ्याला विकली. २००५ पासून खेळ ‘रिओ’ हॉटेलच्या सभागृहांत गेला. खेळाडू मावत नव्हते म्हणून पहिला दिवसच अनेक दिवसांचा झाला.

२००६ च्या शेवटी अमेरिकेने इंटरनेट जुगाराचे पैसे फिरवण्यावर कायदा आणला. तोवर पोकरची संकेतस्थळे हजारो खेळाडूंची फी थेट भरत होती. ते थांबताच पुढच्या वर्षी संख्या ६,३५८ वर आली. १५ एप्रिल २०११ ला सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अॅब्सोल्यूट पोकर या तिन्हींवर एकदम कारवाई केली. फुल टिल्टने खेळाडूंच्या खात्यांतले पैसे वापरून टाकल्याचा सरकारचा आरोप होता. त्या कंपनीच्या संस्थापकांत २००० सालचा जगज्जेता ख्रिस फर्ग्युसन होता; त्याने दिवाणी दावा चूक कबूल न करता मिटवला. काही वर्षांनी तो स्पर्धेत परतला तेव्हा अनेकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

याच काळात, २००८ ते २०१६, ‘नोव्हेंबर नाइन’ चालले. जुलैत नऊ जण उरले की खेळ थांबवायचा आणि अंतिम फेरी नोव्हेंबरात घ्यायची. प्रायोजक मिळाले, उत्कंठाही ताणली गेली, पण चार महिने प्रशिक्षक लावून घोटलेला खेळ पहिल्यासारखा राहत नाही. ही प्रथा गेली याचे वाईट वाटत नाही.

दार सगळ्यांना उघडे म्हणताना एक गोष्ट खटकते. १९९५ मध्ये बार्बरा एनराइट अंतिम टेबलावर पोहोचली आणि पाचवी आली. त्यानंतर तिथे दुसरी स्त्री दिसायला तीस वर्षे लागली: २०२५ मध्ये स्पेनची लिओ मार्गेट्स, सातवी. नियमात आडकाठी काहीच नाही. त्या खोलीत बसण्याची किंमत नुसती दहा हजार डॉलर नसते, एवढाच याचा अर्थ.

पैशाचा हिशेब एकदा मांडलेला बरा. दहा हजारांतले ९,३०० बक्षिसात जातात, बाकी आयोजकांकडे. २०२३ मध्ये १०,०४३ जणांमुळे बक्षिसांची रक्कम ९ कोटी ३४ लाखांच्या घरात गेली आणि डॅनियल वाइनमनला एक कोटी २१ लाख मिळाले. सुमारे १५ टक्के लोकांना काहीतरी परत मिळते. उरलेले ८५ टक्के रिकाम्या हाताने जातात. शिवाय इतर अनेक स्पर्धांसारखी इथे पुन्हा पैसे भरून बसण्याची सोय नाही. बाद म्हणजे बाद. उत्तम खेळाडूसुद्धा उभ्या आयुष्यात एकदाही जिंकणार नाही अशीच शक्यता जास्त. म्हणून खऱ्या परीक्षेसाठी २००६ मध्ये वेगळी स्पर्धा निघाली: फी ५० हजार डॉलर, पोकरचे अनेक प्रकार, खेळाडू शंभराच्या आसपास. पहिल्या वर्षी चिप रीस जिंकला आणि आता चषक त्याच्या नावाचा आहे. थोडक्यात, मुख्य स्पर्धेने टाकून दिलेला हेतू मागच्या दाराने परत आला.

भारतीयांचा या मालिकेत वावर आहे. २०१७ मध्ये निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी जोडीच्या स्पर्धेत ब्रेसलेट जिंकले. २०२४ मध्ये संतोष सुवर्णा यांनी अडीच लाख डॉलर फीची स्पर्धा जिंकून ५४ लाखांहून जास्त डॉलर मिळवले. आपल्याकडे हा खेळ समोरासमोर, कायद्याच्या आत खेळायची ओळखीची जागा म्हणजे पणजीजवळ मांडवीत नांगरलेली कॅसिनो जहाजे. महाराष्ट्राची गंमत वेगळी. १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अंमलातच आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. रमीला सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच कौशल्याचा खेळ ठरवले. पोकरला गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नशिबाचा म्हटले. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने हा वाद निदान इंटरनेटपुरता बाजूला सारला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो बंद. मनीमेकर ज्या वाटेने गेला ती ८६ डॉलरची वाट इथल्या खेळाडूला आता नाही.

तिकडे २०२२ पासून स्पर्धा वेगासच्या मुख्य रस्त्यावर आली आहे, आणि तिथल्या बॅलीज हॉटेलाला मालकांनी पुन्हा हॉर्सशू हे नाव दिले. २०२४ मध्ये सीझर्सने, म्हणजे नाव बदललेल्या हॅराजने, हा ब्रँड ५० कोटी डॉलरना ‘जीजीपोकर’ या ऑनलाइन खेळाच्या मालकांना विकला. बहामाजमध्ये डिसेंबरात नवी मालिका भरते. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात मायकेल मिझराची या मुरलेल्या व्यावसायिकाने ५० हजारांची स्पर्धा चौथ्यांदा जिंकली, आणि काही आठवड्यांनी ९,७३५ जणांतून मुख्य स्पर्धाही. गणिताने हे जवळजवळ अशक्य म्हटले असते. वर केलेल्या माझ्या युक्तिवादालाही ते सोयीचे नाही.

तो खेळत होता त्याच जुलैत अमेरिकेत नवा करकायदा झाला. २०२६ पासून जुगारातल्या तोट्याची फक्त ९० टक्के वजावट मिळते. वर्षभरात दहा लाख जिंकून दहा लाख हरलेल्या माणसाने आता एक लाखावर कर भरायचा. वर्षातून एकदा दहा हजार घेऊन येणाऱ्या हौशी माणसाला याने फारसा फरक पडत नाही. बारा महिने टेबलावर बसणाऱ्यांतले काही मात्र खेळ कमी करण्याची भाषा करू लागले आहेत.